भराव काढलेला मोजा

मी एक जुना हातमोजा आहे. थंडीत घालतात तो लोकरीचा, लाडावलेला मोजा नव्हे. मी कॅचरचा मोजा. बेसबॉलमध्ये पिचर चेंडू फेकतो आणि बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर तो पकडतो. क्रिकेटमधला यष्टिरक्षक डोळ्यांसमोर आणा, त्याच्या गुडघ्यांची जरा जास्त वाट लावा, म्हणजे झाला कॅचर. माझी बोटं एकात एक शिवलेली आहेत, पोट खोल आहे, आणि रंग एके काळी मधासारखा होता. आता घाम आणि ॲरिझोनाची धूळ खाऊन तो काळपट झालाय. माझी कीर्ती एकाच गोष्टीसाठी आहे. माझ्या पोटात चेंडू येऊन आदळला की असा फाड्‌कन आवाज निघायचा की लांब गाडी लावणारा माणूससुद्धा मान वळवून बघायचा.

मित्रांनो, त्या आवाजाचं कौतुक करायला आला असाल तर इथूनच परत जा. मी चिडलेला आहे. का चिडलोय ते सांगतो.

माझा जन्म टेक्सासमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. ओफेलिया नावाच्या बाईंनी मला शिवलं. वाद्या ओवताना त्या दात-ओठ खायच्या आणि शिवून झाल्यावर लाकडी मोगरीने माझं पोट बडवून काढायच्या. त्या म्हणायच्या, आत्ता मार खाशील तर पुढे कामाला येशील. मी मार खाल्ला. पुढे कामालाही आलो, नको इतका.

मला विकत घेतलं ड्वेन हॅलॉकने. नेब्रास्काच्या मक्याच्या मुलखातला हा जवान तेव्हा खालच्या लीगमध्ये कॅचर होता आणि मोठ्या लीगची वाट बघत होता. त्याने मला दाढीचा फेस चोळला, पोटात चेंडू ठेवून पट्ट्याने आवळलं, आणि गादीखाली घालून वर झोपला. असं केल्याशिवाय आमचं कातडं वळत नाही. त्याची बायको जोॲन म्हणायची, लग्न माझ्याशी केलंस की या कातड्याशी? ड्वेन नुसता हसायचा.

त्या दिवसांत मी खरोखरीचे सामने खेळलो. बसचे लांबच लांब प्रवास, पायाखाली शेंगांची टरफलं, बाकांवर मोजकी माणसं. चेंडू माझ्यात आला की लगेच बाहेर, ड्वेनच्या उजव्या हातात, आणि तिथून सणसणत दुसऱ्या बेसवर. बेस म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यांवरचे थांबे; पिचर चेंडू फेकत असतानाच कुणी पुढचा बेस चोरायला धावला की ड्वेन आणि मी त्याला धुळीत लोळवायचो. तेव्हा मी विशेष आवाज करत नव्हतो. करायची गरज नव्हती.

मग एका वसंतात ड्वेनने मला मांडीवर घेतलं, मनगटापाशी वादी सोडली, आत बोटं खुपसली आणि माझ्या पोटातला भराव उपसून काढला. सगळा नाही, पण बराचसा. वादी पुन्हा आवळली. त्याने सगळ्यांना सांगितलं की आवाज छान यावा म्हणून काढला. ते खरंच होतं. भराव कमी झाला तशी माझी चामडी ढोलकीसारखी ताणली, पोटातला खळगा आणखी खोल गेला, आणि मी गरजू लागलो. पण त्याच वसंतात का काढला, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हापासून ड्वेन आणि मी कडेच्या कुंपणात. पिचरांनी हात मोकळे करायची जी जागा असते तिला इथे बुलपेन म्हणतात, म्हणजे बैलांचा गोठा. ज्याने हे नाव ठेवलं त्याला एकदा भेटायला मला आवडेल. गोठ्यातला कॅचर दिवसभर चेंडू पकडतो. सामना बाहेर चाललेला असतो, टाळ्या बाहेर वाजतात, आणि त्याचं नाव कुठल्याच फलकावर येत नाही. ड्वेन मोठ्या लीगच्या संघाबरोबर सगळीकडे फिरला, उत्तम हॉटेलांत उतरला, उत्तम जेवला. मोठ्या लीगमधला एकही सामना खेळला नाही.

आता या शिबिराची रीत ऐका, म्हणजे माझा संताप तुम्हाला कळेल.

दर फेब्रुवारीत, बाकी देश बर्फाखाली असताना, संघ इथे ॲरिझोनाच्या वाळवंटात सरावाला येतात. सगळ्यांत आधी येतात पिचर. त्यांची पलटण असते. इतक्या जणांचे चेंडू पकडणार कोण? संघाचे नेहमीचे कॅचर तर दोन-तीन. मग खालच्या लीगमधल्या जवान कॅचरांना फोन जातात. अभिनंदन, तुला मोठ्या शिबिराचं बोलावणं आहे. पोरं वेडी होतात. आया रडतात, गावातले लोक मिठ्या मारतात, गिरजाघरात नाव घेतलं जातं. कुणी सांगत नाही की बाबा रे, तुझ्या गुणांना नाही, तुझ्या गुडघ्यांना बोलावलंय. पिचरांचे हात तापले की यांचं काम संपलं. मग एका सकाळी एक माणूस मागून येतो आणि खांद्यावर हात ठेवतो. त्या हाताला सगळे घाबरतात. दुपारपर्यंत त्या पोराच्या कपाटावरची नावाची पट्टी निघालेली असते.

मी किती पट्ट्या निघताना पाहिल्या ते विचारू नका.

आब्दिएल सांतामारिया असाच आला. पनामातल्या दाविद शहरचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याची आई दामारिस बाजारात लहानसं खाणावळवजा दुकान चालवते. बोलावणं आलं त्या दिवशी तिने सकाळभर सगळ्यांना कॉफी फुकट पाजली आणि केळ्याचे तळलेले काप वाढून वाढून हात दुखवून घेतला. हे त्यानेच ड्वेनला सांगितलं. ड्वेनने मान हलवली. मला मात्र शेवट ठाऊक होता.

पण हा पोरगा वेगळा निघाला. मागच्या मैदानावर त्याने पहिल्याच आठवड्यात चेंडू असा टोलवला की तो कुंपण ओलांडून, रस्ता ओलांडून निवडुंगाच्या जाळीत गेला. कुंपणाला टेकून बघणारे टोपीवाले म्हातारे, जे दर वर्षी थंडी चुकवायला इथे येतात आणि कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की ज्यांच्या तोंडाला कुलूप लागतं, ते एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या बेसवर चेंडू फेकायचा त्याचा हात म्हणजे गोफण होती. मॅनेजर रस टॉलिव्हरने गॉगल कपाळावर चढवून विचारलं, हा कोण? माझ्या आयुष्यात मी टॉलिव्हरला गॉगल काढताना क्वचितच पाहिलंय.

मी मनात म्हटलं, चला, एक तरी वाचला.

तेवढ्यात ड्वेनच्या बोटाने दगा दिला. डाव्या हाताची तर्जनी वर्षानुवर्षं मार खाऊन वांग्यासारखी झाली होती. डॉक्टरने सांगितलं की आता चेंडू पकडणं बंद. ड्वेन उरला गोठ्याचा नुसता मुकादम, उभं राहून सांगणारा. त्या दुपारी त्याने आब्दिएलला बाजूला घेतलं आणि तान्हं बाळ द्यावं तसं मला त्याच्या हातांत ठेवलं. म्हणाला, हा आता तुझा. आब्दिएलने मला कपाळाला लावलं. त्याने माझ्यात हात घातला. ऊबदार, घट्ट हात होता. मी इतका खूश झालो की पहिल्याच चेंडूला जीव तोडून ओरडलो.

तिथेच सगळं बिघडलं.

त्या शिबिरात ब्रेडन लुंडक्विस्ट नावाचा डावखुरा पिचर होता. सगळे त्याला लुंडी म्हणायचे. वय विशीचं, मिसरूड अजून धड फुटलेलं नाही, पण वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येत होते. चेंडू चांगला फेकायचा, खोटं कशाला बोलू. पण माझ्या पोटात तो चेंडू आला की तोफ उडाल्यासारखं वाटायचं. लुंडीला वाटायचं तोफ आपणच. पत्रकार माना वळवायचे, म्हातारे टाळ्या वाजवायचे, आणि लुंडी छाती काढून पुढचा चेंडू मागायचा.

त्यात आब्दिएलला चेंडू झेलायची हातोटी. चेंडू थेट खळग्यात घ्यायचा, मनगट जराही हलू द्यायचं नाही, आणि क्षणभर तसंच धरून ठेवायचं. मग नेमाच्या चौकटीबाहेर गेलेला चेंडूसुद्धा पंचाला आतच होता असं वाटायचं, आणि फायदा पिचरचा. पिचरांनी त्याचं नाव सांता ठेवलं. नाताळच्या सांताक्लॉजसारखा हा सगळ्यांना भेटी वाटतो म्हणून.

"सांता, उद्या मला तूच हवास," लुंडी म्हणायचा.

"ए, रांगेत ये," दुसरा ओरडायचा. "कालपासून मी नंबर लावलाय."

झालं. रोज सकाळी टॉलिव्हरचा मदतनीस दुपारच्या सामन्याची नावं पुकारायचा. सांतामारिया, गोठा. दुसऱ्या दिवशी, सांतामारिया, गोठा. तिसऱ्या दिवशी त्याने नाव घ्यायचंही सोडलं, नुसतं गोठ्याकडे बोट दाखवलं.

आणि सामना कोण खेळायचा? प्रेस्टन गार्व्ही. त्याचा मोजा नवा, भराव ठासून भरलेला. त्यात चेंडू पडला की ओल्या उशीवर बुक्की मारल्यासारखा धप आवाज यायचा. गोठ्यात त्याला कुणी विचारायचं नाही, मग नाइलाजाने त्याला मैदानात पाठवायचे. तिथे तो चेंडूला बॅट न लावताच माघारी यायचा, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच बॅट. मित्रांनो, जरा विचार करा. ज्याचं काम कुणाला आवडत नाही तो खेळतोय, आणि ज्याचं आवडतं तो गोठ्यात बांधलेला. आणि दावं कोण? मी. जितका मी चांगला वाजायचो तितकी त्याची गाठ आवळली जायची. मी गप्प बसायचा प्रयत्न केला. पण ताणलेल्या कातड्याला गप्प बसता येत नाही. चेंडू आला की मी वाजतो, माझ्या इच्छेला कोण विचारतो?

शिवाय आवाजाची किंमत हाताने द्यावी लागते. भराव नाही, त्यामुळे प्रत्येक चेंडूचा मार थेट आब्दिएलच्या तळव्यात. संध्याकाळी तो कागदी पेल्यात बर्फ घेऊन बसायचा. बोटांची पेरं सुजली. बॅट धरताना तो ओठ चावायचा, आणि निवडुंगाच्या जाळीपर्यंत जाणारे त्याचे चेंडू आता कुंपणाच्या आतच पडायला लागले.

रोज जेवणानंतर आईचा फोन यायचा. मी शेजारच्या बाकावर पडलेला असायचो, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. खेळलास का रे आज? आज तयारी होती, आई. उद्या? उद्या बघू. ती म्हणायची की बाजारातले लोक विचारतात, त्यांना काय सांगू? तो म्हणायचा, सांग की सगळ्या पिचरांना मीच हवा असतो. ती इतकी आनंदायची की मला माझ्या वाद्या तोडून टाकाव्याशा वाटायच्या.

शेवटी तो टॉलिव्हरकडे गेला. मला काखोटीला मारूनच गेला. टॉलिव्हर वाईट माणूस नाही. वाईट असता तर राग काढायला बरं पडलं असतं. त्याने आब्दिएलला खुर्ची दिली, सूर्यफुलाच्या बिया पुढे केल्या, आणि सांगितलं की तू तिथे आहेस म्हणून माझे पिचर खूश आहेत, तुझ्यासारखा माणूस मिळणं कठीण. आब्दिएल म्हणाला, मला बॅट हवी. टॉलिव्हरने बी चावली, टरफल थुंकलं, आणि म्हणाला की परवा लुंडी पिच करतोय, शेवटच्या टप्प्यात तुला आत घेतो.

त्या सामन्याची मी किती वाट पाहिली! इतक्या वर्षांनी मी पुन्हा मैदानात उतरणार होतो. आब्दिएलने रात्री मला तेल चोळलं, वाद्या तपासल्या. आईला फोन केला की उद्या. या वेळी तो उद्या खरा होता.

आधी त्याची बॅटिंग आली. सुजलेल्या हाताने त्याने पहिलाच चेंडू मागच्या भिंतीवर हाणला आणि दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. बाकांवरचे म्हातारे उठले. इथपर्यंत सगळं स्वप्नासारखं.

मग आम्ही पकडायला बसलो. समोर लुंडी. पहिल्या बेसवर विरुद्ध संघाचा एक काटकुळा, वाऱ्यासारखा पळणारा पोरगा. लुंडीने पाय उचलला आणि तो काटकुळा दुसऱ्या बेसकडे सुटला.

अशा वेळी कॅचरने काय करायचं असतं? चेंडू मोज्याच्या उथळ भागात, नुसता टेकवून घ्यायचा आणि तत्काळ उजव्या हातात. आवाज खड्ड्यात गेला. ड्वेनला हे झोपेतही जमायचं. आब्दिएललाही जमत होतं, शिबिराला आला तेव्हा. पण रोज रोज, सकाळ-दुपार, त्याने एकच गोष्ट केली होती. चेंडू खळग्यात घ्यायचा, वाजवायचा, धरून ठेवायचा. हाताला तीच सवय जडली होती. त्याने तेच केलं. चेंडू माझ्या पोटात खोल गेला, मी फाड्‌कन वाजलो, आणि तो क्षणभर तसाच थांबला. भान आल्यावर त्याचा उजवा हात माझ्यात चेंडू शोधायला लागला. मी सोडायला बघत होतो, देवाशपथ. पण भराव नसलेल्या त्या खड्ड्यात चेंडू रुतून बसला होता. तो निघाला तेव्हा काटकुळा दुसऱ्या बेसवर उभा राहून पॅंटची धूळ झटकत होता.

पुढच्याच चेंडूवर तो तिसऱ्या बेसकडे पळाला. आब्दिएलला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, कुंपणापलीकडच्या कुत्र्यालाही ठाऊक असेल. तरी तेच घडलं. चेंडू खोल, मी फाड्‌, हात माझ्यात चाचपडतोय.

आणि मागच्या बाकावरून एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "पण आवाज ऐकलास ना? काय आवाज आहे, वा!"

मला त्या दिवशी फाटून जावंसं वाटलं.

टॉलिव्हरचा गॉगल मात्र डोळ्यांवरच राहिला.

सामन्यानंतर मैदानावर सावल्या लांबल्या होत्या. ड्वेनने आपल्या जुन्या ट्रकची मागची फळी पाडली, भाजलेलं मांस भरलेल्या दोन पोळ्यांच्या सुरळ्या ठेवल्या, आणि आब्दिएलला बसवलं. मी दोघांच्या मध्ये. ड्वेनचा चेहरा फुललेला होता. तो म्हणाला की मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. टॉलिव्हर तयार आहे. वरच्या संघात गोठ्याचा कॅचर म्हणून तुला कायमची नोकरी. बसचे प्रवास संपले, विमान. कुणी खांद्यावर हात ठेवणार नाही. आईला सांग, बाजारात मिठाई वाट.

आब्दिएलने विचारलं, "खेळाडू म्हणून?"

"नाही. खेळाडूंच्या यादीत नाव नसतं रे आपलं. पण पोरा, घर चालतं."

आब्दिएल सुरळी हातात धरून बसला. खाल्ली नाही. मग म्हणाला, "मी चुकलो आज. मला खेळायला मिळालं असतं तर नसतो चुकलो."

"चुकलास म्हणून नाही देत आहेत. चांगला आहेस म्हणून देत आहेत."

"तेच तर," आब्दिएल म्हणाला. वडीलधाऱ्याला तो आपल्या स्पॅनिश रीतीने डॉन म्हणायचा. "डॉन ड्वेन, मी चांगला आहे म्हणून मला बसवून ठेवणार? वाईट असतो तर काय केलं असतं, खेळवलं असतं?"

ड्वेन हसायला गेला, हसू अर्ध्यावर राहिलं. तो समजावू लागला. तुझ्यासारखे किती आले, किती गेले. त्यातला एखादा वर टिकतो, बाकीचे कुठेतरी गोदामात खोकी उचलतात. मी तुझं भलंच बघतोय. आणि मित्रांनो, तो खरंच भलं बघत होता. हीच तर चीड येण्यासारखी गोष्ट आहे. त्याच्या मनात तसूभर पाप नव्हतं. स्वतःला जे मिळालं ते त्याने गोड मानून घेतलं होतं, आणि तेच आता पोराच्या पानात वाढत होता.

आब्दिएलने मला उचललं. अंगठ्याने माझं पोट दाबलं. पातळ चामडीतून त्याला स्वतःचाच तळवा लागला.

"यातला भराव तुम्ही काढलात ना?"

"हो. आवाजासाठी. सगळ्यांना माहीत आहे."

"कधी काढलात?"

ड्वेन सुजलेलं बोट दुसऱ्या हाताने चोळत राहिला.

"म्हणजे मला खेळायचं असतं," आब्दिएलने पुन्हा विचारलं, "तर यातला भराव काढला असतात तुम्ही?"

"नाही," ड्वेन म्हणाला. "खेळायचं असतं तर नसता काढला. ज्या दिवशी ठरवलं ना, की आता पुरे, आता गोठ्यातच बरं, त्या दिवशी काढला."

मी त्याच्याबरोबर आयुष्य काढलं आणि हे मला त्या फळीवर बसून कळलं. माझ्या आवाजावर माणसं टाळ्या वाजवायची. तो आवाज म्हणजे एका माणसाने हात टेकल्याचा आवाज होता. आणि तोच मोजा त्याने, प्रेमाने, एका न टेकलेल्या हातावर चढवला होता.

आब्दिएलने मला ड्वेनच्या मांडीवर ठेवलं. रागाने आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याने हळूच ठेवलं, माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "माफ करा डॉन ड्वेन. हा तुमचाच आहे." मग त्याने सुरळी खाल्ली. भूक लागली होती पोराला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सामानवाल्याकडून एक कोरा मोजा मागून आणला. कडक, पुठ्ठ्यासारखा, भराव गच्च. मी गोठ्याच्या खांबावर खिळ्याला टांगलेला. लुंडी आला, हात फिरवला, आणि पूर्ण ताकदीने चेंडू फेकला. धप.

लुंडी थांबला. दुसरा फेकला. धप.

"सांता, हे काय? घरून उशी आणलीस?"

"तोच चेंडू आहे तुझा," आब्दिएल म्हणाला.

"पण आवाज?"

"तो तुझा नव्हता, लुंडी."

गोठ्यात कुणी हसलं नाही. लुंडीचे कान लाल झाले. त्याने आणखी थोडे चेंडू फेकले आणि दुसरा कॅचर मागितला. दुपारपर्यंत बाकीच्यांनीही मागितला. कौतुक करणाऱ्या माणसांची माया अशी, आवाज बंद झाला की ओळख बंद. त्याच आठवड्यात तो माणूस मागून आला आणि त्याने आब्दिएलच्या खांद्यावर हात ठेवला: मोठं शिबिर संपलं, पुन्हा खालच्या लीगमध्ये. टॉलिव्हरने नोकरीचं पुन्हा विचारलं. आब्दिएलने नको म्हणून सांगितलं, आणि माझ्या खांबाखाली उभं राहूनच आईला फोन करून तेही सांगितलं. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. शेवटी तो म्हणाला, "नाही आई, लोकांना सांग की मला काढलं. खरं ते सांग. आणि सांग की आता खेळतोय."

गाडीतळाच्या पलीकडे खालच्या लीगवाल्यांची मैदानं आहेत. तिथे ना पत्रकार, ना म्हातारे. पाणी मारायचे नळ तेवढे फिरत असतात. माझ्या खिळ्यावरून ते मैदान दिसायचं, तिरकं, पण दिसायचं. काही दिवस त्याचे फेकलेले चेंडू इकडेतिकडे गेले. कोरा मोजा हट्टी असतो. तरी तो रोज बसत होता आणि रोज बॅट हातात घेत होता, कारण तिथे बाकीचे कमी होते आणि खेळणं हेच काम होतं.

मग एका दुपारी पहिल्या बेसवरून एक जण सुटला. मला चेंडू मोज्यात पडल्याचा आवाज ऐकूच आला नाही. दिसला तो आब्दिएलचा उजवा हात, वर गेलेला आणि रिकामा. दुसऱ्या बेसवर धूळ उडाली आणि पंचाने मूठ वर केली. बाद. टाळी वाजवायला तिथे कुणीच नव्हतं.

एक होता. ड्वेन माझ्या खांबाशेजारी उभा होता, कुंपणाच्या जाळीत ते वांग्यासारखं बोट अडकवून. टाळी वाजवता येत नाही त्याला, हात दुखतो. तो नुसता बघत राहिला.

आब्दिएल मोठ्या लीगमध्ये जाईल का? मला ठाऊक नाही. बहुतेक जण जात नाहीत. पण नाही गेला तर तो खेळून मागे राहिलेला असेल, बांधून ठेवलेला नाही. हा फरक तुम्हाला लहान वाटत असेल तर तुम्ही कधी खिळ्याला टांगून घेतलेलं नाही.

या फेब्रुवारीत पुन्हा पिचर आले आणि पुन्हा बोलावणी गेली. आयोवाचा एक गोरटेला कॅचर पहिल्याच दिवशी गोठ्यात शिरला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हाच ना तो आवाजवाला? मी घालून बघू?"

ड्वेनने मला खिळ्यावरून काढलं. खिशातून लहानसा चाकू काढला, त्या पोराकडे पाठ केली, आणि माझ्या पोटाची मुख्य वादी एका झटक्यात कापली. मग वळून मला दाखवत म्हणाला, "फाटलाय. तुझा स्वतःचा आण. भराव असलेला."

मी तेव्हापासून ट्रकमध्ये सीटखाली आहे. वादी तुटल्याने माझं पोट उघडं पडलंय आणि मला आता वाजता येत नाही. मित्रांनो, वस्तूंच्या गोष्टींत शेवटी सांगतात की आम्हाला जपा, तेल लावा, उन्हात टाकू नका. मला तसलं काही नको. माझी वादी पुन्हा ओवू नका, एवढंच. जपायचं असेल तर माणसं जपा. तुमच्या घरात, शाळेत, संघात एखादा जण फार कामाचा असेल, सगळ्यांना तोच हवा असेल आणि सगळे त्याचं कौतुक करत असतील, तर ते कौतुक क्षणभर थांबवा आणि त्याच्या तळहाताकडे बघा. सुजलाय का ते बघा. त्याला कुठे खेळायचं होतं ते विचारा. आणि विचारल्यावर त्याच्या वाटेतून बाजूला व्हा.

माझ्या मालकाला कुणी विचारलं नाही. त्याने त्या आयोवाच्या पोराला, उशिरा का होईना, न विचारता वाट मोकळी करून दिली. कापताना चाकू धारदार होता. मला काहीच लागलं नाही.